गुलाबचा जवारा

आंधळगावच्या शिवेवर, नाल्यापलीकडच्या इटाभट्टीत साधनाची स्कुटी पहिल्यांदा शिरली त्याच दिवशी शोभाच्या पोटात दुखायला लागलं. आणि ते दुखणं ओव्यानं थांबणारं नव्हतं.

शोभा गावची आशा सेविका. गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या साली लग्न होऊन कोष्ट्याच्या घरात आली. सकाळी नवऱ्याच्या मागासाठी कांड्या भरायच्या, सासूला चहा द्यायचा, मग पिशवी खांद्याला अडकवून घरोघर फिरायचं. पोरांच्या लसी, बायांची बाळंतपणं, तापाच्या गोळ्या. भट्टीसुद्धा तिच्याच वाट्याची. दिवाळीनंतर धान निघालं की छत्तीसगडातून माणसं येत, नाल्याकाठी कच्च्या विटांच्या बुटक्या खोल्या रचत आणि मृगापर्यंत विटा थापत. सलग तीन हंगाम शोभा तिथं जात होती. भट्टीत विटा थापणाऱ्या गुलाबचं धाकटं पोर पोटात आडवं झालं होतं तेव्हा गाडी बोलावून, स्वतः तिचं डोकं मांडीवर घेऊन दवाखान्यात नेणारी शोभाच. तेव्हापासून भट्टीत पाय ठेवला की आधी गुलाबची हाक यायची, 'शोभा दीदी, बइठ न.' विटांच्या गाऱ्यानं भरलेले हात तसेच वर धरून ती कोपरानं खाट पुढं ढकलायची. शोभाला त्या हाकेची सवय झाली होती. सवय झालेली वस्तू आपली वाटायला लागते, तसंच झालं.

यंदा वरून रक्ताच्या सर्वेचा हुकूम आला. गावात तो मागंच झाला होता, पण ही बाहेरची माणसं कुठंच धरली गेली नव्हती. इथं सर्वे झाला तेव्हा ती गावच्या यादीत नव्हती, आणि त्यांच्या गावी झाला तेव्हा ती इथं चिखल तुडवत होती. कोणाला सिकलसेल आहे, कोणाचं रक्त कमी, कोणाच्या छातीत बिमारी, कोणालाच ठाऊक नाही. तेव्हा भट्ट्यांवर जाऊन त्यांना राजी करा, म्हणाले. शोभानं आधी करून पाहिलं होतं. तिनं सांगितलं की सगळे माना हलवायचे, आणि तपासणीच्या दिवशी एक माणूस फिरकायचा नाही. भट्टीचा मुकर्दम धनीराम तोंडावरच म्हणायचा, आमचं रगत बाटलीत भरून नेता, मग त्यात काय निघालं ते सांगायला कोणी परत येते का? बरं, एखाद्याला बिमारी निघाली तर मालक कामावर ठेवील का? शोभा म्हणायची, साहेबांनी सांगितलं म्हणून सांगून राहिली बाप्पा.

मग एका संस्थेनं लाखनीची साधना पाठवली. वय पंचविशीच्या आतबाहेर, मोरपंखी ओढणी, बोलणं घडाघडा. तिची आई राजनांदगावकडची, म्हणून पोरीला त्यांची बोली येत होती. पहिल्याच दिवशी ती खाटेवर न बसता बायांमध्ये जमिनीवर फतकल मारून बसली. दुपारी गुलाबनं बासी काढली, म्हणजे रातचा भात पाण्यात भिजवलेला, वर मीठ आणि कांदा. साधनानं हात धुतले आणि त्याच ताटात घातला.

शोभा उभीच होती. तीन वर्षांत तिनं तिथं पाण्याचा घोट घेतला नव्हता. गुलाबनं विचारलं की, 'पोट भरलं आहे व,' असं म्हणायची. उन्हाचं परकं पाणी बाधते, दुसरं काही नाही, असं ती स्वतःला सांगत आली होती. आज ताटात दोघींचे हात पाहिले आणि तिला वाटलं, हिला कसं बाधत नाही?

साधना धनीरामला म्हणाली, कोणाचं काय निघालं ते मी स्वतः येऊन ज्याचं त्यालाच सांगीन, मालकाच्या कानावर जाणार नाही. आणि गोळ्या लागल्या तर तुम्ही गावी गेलात तरी तिकडच्या दवाखान्यात मिळतील असं करून देईन. धनीरामनं बिडी विझवली. एवढ्यानंच अर्धं काम झालं होतं. शोभानं नाक मुरडलं, पण मनातल्या मनात.

पुढं पुढं तर साधना तिच्या घरीही यायला लागली. नंदलाल, शोभाचा नवरा, दिवसभर खड्ड्यात पाय सोडून मागावर बसणारा माणूस. त्याच्या तोंडून जेवताना 'मीठ दे' याच्यापलीकडं शब्द निघत नसे. साधनानं कोशाचा धागा बोटावर घेतला, हा असा सोनेरी निघतोच की रंगवता, असं विचारलं, आणि बाबा बोलायला लागला तो बोलतच राहिला. सासू रत्नाबाईनं तिला मुर्रा-फुटाणे दिले. ती गेल्यावर म्हणाली, "पोरगी मोठी गोड आहे व. मानसात बसाचं कसं ते तिच्यापासून शिकावं."

"मंग ठेवून घ्या तिलेच," शोभा म्हणाली आणि कांडी अशी जोरात फिरवली की धागा तुटला.

घरची कोंबडी डाळीबरोबर, हे तिला लग्नापासून ठाऊक होतं. नवऱ्याचं, सासूचं तिनं सोसलं असतं. पण एकदा भट्टीत गेली तर गुलाब साधनाच्या मागं बसून तिची वेणी घालत होती आणि दोघी कशाला तरी खिदळत होत्या. शोभाला पाहून गुलाब हसतच म्हणाली, "शोभा दीदी, बइठ न." पण उठली नाही. हात वेणीत गुंतले होते. उठली नाही, एवढंच झालं होतं. शोभाला मात्र घरी येईपर्यंत तेवढंच दिसत राहिलं. मेलं, आपण कोणाच्या वेणीवर जळून राहिलो, असं स्वतःलाच म्हणाली, तरी जळणं काही थांबलं नाही.

तपासणीची तारीख ठरवायला सगळे भट्टीत जमले. साधनानं मंगळवार सांगितला. डॉक्टर, गाडी, सगळं त्याच दिवशी मिळणार होतं. शोभानं मनातल्या मनात तिथी मोजली आणि दचकली. त्या मंगळवारी चैत्रातली सप्तमी पडत होती.

ही भट्टीची माणसं चैत्राच्या नवरात्रात टोपल्यांत गहू पेरतात, त्याला जवारा म्हणतात. धनीराम त्यांचा बैगाही, म्हणजे देवीचा पुजारीही होता. तो पाडव्याला भट्टीची शीव बांधायचा. ज्या बाईनं टोपली धरली तिनं नऊ दिवस शीव ओलांडायची नाही, पायात चप्पल घालायची नाही. आणि त्या दिवसांत अंगातून रगत निघालं तर ते माताचंच. नवमीला बाप्ये गालातून लोखंडी सांग, म्हणजे टोकदार सळई, घालून घेतात, ते रगत माताला. दुसऱ्या कशाला दिलं तर ते मातापासून चोरल्यासारखं. गेल्या सालीच नवरात्रात शोभा तापाचं रक्त घ्यायला काचेची पट्टी घेऊन गेली होती, तेव्हा धनीरामनं हात जोडून तिला परत पाठवलं होतं. साधनाला हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. तिला बोली येत होती, पण वाढली होती लाखनीच्या हायवेवर.

"मंगलवार जमथे न?" साधनानं विचारलं. माणसं म्हणाली, हव दीदी, हव. म्हणताना त्यांची नजर जमिनीवर होती. शोभाला ते 'हव' चांगलं ओळखीचं होतं. पाहुण्याच्या तोंडावर नाही म्हणायचं नसते, म्हणून म्हटलेलं ते हव. साधना खूश झाली, आणि मग तिनं सगळ्यांसमोर शोभाकडं पाहिलं.

"ताई, चालते ना मंगळवार? या लोकायचं सारं तुमाले जास्त माहीत."

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. शोभाच्या जिभेवर ते आलंही. पण साधनाच्या शेजारी गुलाब बसली होती, आणि साधनाची ओढणी तिच्या मांडीवर होती.

"तुले तं सारंच समजते बाई," शोभा म्हणाली. "तूच ठरव."

पाडवा झाला. ऊन तापलं, नाल्याची वाळू चटके द्यायला लागली, पलीकडच्या झाडांखाली मोहाचा सडा पडू लागला. शोभा भट्टीत गेली तर गुलाबच्या खोलीत अंधाऱ्या कोपऱ्यात टोपली होती, वर ओलं फडकं. गुलाबनं दारातूनच दाखवली, आत कोणाला जाऊ देत नव्हती. बाकीच्या बाया तिला चिडवत होत्या. यंदा गुलाब जवारा बदणार म्हणे, इथल्याच एका बाईसोबत. म्हणजे नवमीला बोडीच्या तळ्यात टोपल्या शिरवल्या की दोघींनी एकमेकींच्या कानात ते पिवळे कोंब खोसायचे. मग त्या जन्माच्या जवारा. सख्ख्या बहिणीहून जवळचं नातं. त्यानंतर एकीनं दुसरीचं नाव कधी तोंडातून काढायचं नाही, भेटली की 'सीताराम जवारा' म्हणायचं. कोण ती बाई, तर गुलाब सांगेना. पदरात तोंड लपवून हसत होती.

शोभाला सांगायची गरजच नव्हती. वेणी कोणाची घातली, ताटात हात कोणाचा होता, तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

गुलाबनं बांगड्यांचा डबा काढला, दोन रंग पुढं धरले आणि विचारलं, "दीदी, इकडच्या बाईले कोनता आवडते?" एक हिरवा होता, एक मोरपंखी. शोभाच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे हिच्याचसाठी बांगड्या घ्यायच्या आणि पसंत मी करायच्या. कोणताही घे, देणाऱ्याचं मन पाहतेत, असं म्हणून ती निघाली. मागून गुलाब म्हणाली, ते रगताचं मंगळवारी आहे, आमचे लोक तर येणार नाहीत. साहेबांना सांगून दिवस पुढं ढकलशील ना? "तू आहेस न दीदी. तू पाहशील."

"पाहू," शोभा म्हणाली.

तिनं पाहिलं नाही. मोबाइल हातात घेतला, साधनाचं नाव समोर आलं आणि तिनं तो तांदळाच्या डब्यावर ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी साधनाचाच फोन आला. ती तुमसरकडच्या भट्ट्यांवर फिरत होती, तिकडची माणसं वेगळी, तिथं जवारा-बिवारा काही नव्हतं. विचारलं, ताई, सगळं ठीक ना? शोभा म्हणाली, ठीकच आहे. फोन ठेवल्यावर तिला भीती वाटली आणि बरंही वाटलं. पडू दे एकदा तोंडावर, लोकांना कळू दे बोली येणं म्हणजे माणूस येणं नव्हे. त्या दिवशी तिनं कांड्या भराभर भरल्या.

मंगळवारी नाल्याअलीकडच्या शाळेच्या व्हरांड्यात टेबलं मांडली. डॉक्टर आले, रक्त घेणारा पोरगा आला, बाटल्या, कापूस, सुया. साधना सकाळपासून गेटजवळ उभी. पलीकडं भट्टीचा धूर सरळ वर जात होता, माणसं दिसत होती, विटा थापल्याचा फटफट आवाज येत होता. या काठावर मात्र कोणी येईना. उन्हानं टिनाचे पत्रे कडकडायला लागले. साधना दोनदा नाल्यापर्यंत जाऊन परत आली, तिचा चेहरा उतरला होता. शोभा माठाजवळ बसून होती. आत कुठंतरी तिला गारगार वाटत होतं.

दुपार कलली तेव्हा डॉक्टर उठले. साधनाला काही बोलले नाहीत. ती संस्थेची होती. ते शोभाजवळ आले.

"इथली आशा तुम्हीच ना? तीन वर्षं जाता भट्टीत. मग तुम्हाला एवढंही माहीत नसावं, की लोक येणार नाहीत?"

साधना मध्ये पडली, सर, तारीख मी दिली, असं म्हणू लागली. डॉक्टरांनी हात दाखवून तिला थांबवलं. फुकटचा पगार, गाडीचं डिझेल, दिवस वाया, असं सगळं ते बोलत गेले, सगळ्यांसमोर. शोभा उभी राहिली होती ती मान खाली घालून उभीच राहिली. तिच्या पायाजवळ माठातून पाणी ठिबकत होतं. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, आणि हेच कोणाला ठाऊक नव्हतं. दुसऱ्यासाठी खड्डा खणावा आणि आपणच त्यात बसावं, तशी गत.

तेवढ्यात रक्त घेणारा पोरगा म्हणाला, कोणीतरी येऊन राहिलं.

नाल्याच्या वाळूतून गुलाब येत होती. पायात चप्पल नव्हती. डोक्यावर पदर, आणि चटके बसत होते म्हणून पाय भराभर उचलत होती. मागून धनीरामनं एकदा मोठ्यानं हाक मारली. तिनं वळून पाहिलं नाही. मग त्यानं परत हाक मारली नाही. भट्टीतला फटफट आवाजही थांबला होता. सगळी भट्टी काठावर उभी राहून पाहत होती.

गुलाब व्हरांड्यात चढली. टेबलासमोर बसून तिनं दंड पुढं केला. शोभाला तिचा हात धरून ठेवावा लागला. मनगटापर्यंत गारा वाळून पांढरा झालेला होता. सुई गेली, बाटलीत रक्त चढलं. गुलाबनं डोळे गच्च मिटले होते, आणि ओठ हलत होते. पोरगा म्हणाला, हिचं रक्त फार कमी दिसते, गोळ्या सुरू कराव्या लागतील. साधनाचे डोळे भरून आले. तिनं गुलाबच्या खांद्यावर हात ठेवला.

झालं, शोभाला वाटलं. हिच्यासाठी शीव ओलांडली. माताचं रगत बाटलीत दिलं, ते हिच्यासाठी. मी तीन वर्षं गेली, माझ्यासाठी कोणी थेंब दिला का? डॉक्टर बोलले त्याचं तिला एवढं लागलं नव्हतं. हे मात्र काळजात रुतलं. गुलाबनं उठताना तिच्याकडं पाहिलं, काही बोलायला तोंडही उघडलं. शोभा कापूस शोधायला लागली.

दुसऱ्या दिवशी साधना भट्टीत गेली, तेव्हा तिला सगळं कळलं. तिनं धनीरामच्या पाया पडून माफी मागितली, आणि तारीख दशमीनंतर करून घेतली. या वेळी माणसांनी तिच्या डोळ्यांत पाहून 'हव' म्हटलं. मग ती शोभाच्या घरी आली, मागाशेजारी बसली आणि रडली. म्हणाली, ताई, मले कोनी सांगितलंच नाही; तुमालेही ध्यानात नसंल राहिलं. बोलणी माझ्यामुळं तुमाले बसली. नंदलालनं माग थांबवून शोभाकडं पाहिलं. तो भट्टीतल्या नवरात्राचं दरसाल तिच्याच तोंडून ऐकत होता. मग परत धोटा फेकायला लागला. तो दिवसभर बोलला नाही. रोजच बोलत नसे, पण आजचं न बोलणं शोभाला वेगळं कळलं.

नवमीला दिवस कलता बोडीवर वाजतगाजत टोपल्या निघाल्या. शोभा जाणार नव्हती. दुसरीच्या कानात जवारा खोसलेला पाहायची तिला हौस नव्हती. पण घरी बसवेना. तेवढंही पाहून घेऊ, असं म्हणून ती गेली आणि बोडीच्या पाळीवर पळसाखाली उभी राहिली.

बाया रांगेनं आल्या, डोक्यावर टोपल्या, त्यात पिवळे उंच कोंब. मांदर वाजत होता. धनीराम पुढं होता, गालातून सांग घातलेली. रांगेत गुलाब नव्हती. तिची टोपली दुसऱ्याच एका बाईच्या डोक्यावर होती. गुलाब मागं, रांगेपासून बरीच लांब, रिकाम्या हातानं येत होती. साधनाही आली होती. तिला बायांनी हाताला धरून पाण्याजवळ नेलं. शोभा गुलाबवर नजर ठेवून होती. आता ही जाईल तिच्याजवळ. गुलाब तिच्या बाजूनं गेलीच नाही. पाळीवर चढून शोभाजवळ आली आणि थोडं अंतर ठेवून उभी राहिली.

"शोभा दीदी, शिवू नोको. मी तुटली आहे." शीव ओलांडून व्रत मोडलेल्या बाईला ते तुटली म्हणत.

टोपल्या पाण्यात गेल्या. बाया कोंब उपटून एकमेकींच्या कानात खोसत होत्या, हसत होत्या, गळ्यात पडत होत्या. साधना ओच्यात प्रसाद घेऊन उभी होती, तिच्या कानात काही नव्हतं. शोभानं ते पाहिलं.

"साधनासंगं बदणार होती ना तू?" तिनं विचारलं.

गुलाबला आधी समजलंच नाही. मग ती हसली, पण ते हसू टिकलं नाही. तिनं पदराची गाठ सोडली. आत बांगड्या होत्या, हिरव्या. म्हणाली, साधना दीदी चांगली आहे, पण माझं पोर अडलं तेव्हा माझं डोकं तिच्या मांडीवर थोडंच होतं? हिरव्या तुझ्या हातात पाहते ना रोज, म्हणून हिरव्याच घेतल्या. गहू तुझ्याच नावानं पेरला होता. ते आता राहिलं. तुटलेल्या हाताचा जवारा कानात खोसता येत नाही, आणि जवाऱ्याशिवाय या बांगड्याही देता येत नाहीत. पुढच्या साली मालक याच भट्टीत पाठवतो की दुसरीकडं, कोणाला ठाऊक. तिनं गाठ परत बांधली.

"मंग काहून आली होती तू?" शोभानं विचारलं. "काहून ओलांडली शीव?"

"तो डाक्टर तोले बोलत होता," गुलाब म्हणाली. "सगळ्यासमोर. तू मान खाली घालून उभी. मले तिकडून दिसत होतं. कोनीच नाही गेलं तं तोर नाव खराब होईन म्हनलं." मग तिनं विचारलं, "तू सांगितलं असशीन ना साहेबाले, दिवस बदलवा म्हनून? नाही मानलं त्यानं?"

मांदर थांबला होता. बोडीच्या पाण्यावर रिकाम्या टोपल्या हेलकावे खात होत्या. शोभानं तोंड उघडलं. खरं सांगायचं तर हीच वेळ होती, आणि खरं सांगितलं तर गुलाबजवळ तिचं जे काही उरलं होतं तेही जाणार होतं. तिला कळत होतं, आपण सांगणार नाही.

"नाही मानलं," ती म्हणाली.

गुलाबनं मान हलवली. शिवायचं नव्हतं म्हणून तिनं हात नुसता पुढं केला आणि तसाच मागं घेतला.

"मोठे लोक आहेत, त्यायले का समजते," ती म्हणाली. "तू मनाले लावून नोको घेऊ, शोभा दीदी."

रोजचीच हाक होती, 'सीताराम जवारा' नव्हती. आज मात्र तिच्यातलं आपलं नाव शोभाला सोसवेना.